कर्दळीचा कंद नको, बी मागा

असोद्याचं नाव काढलं की बाहेरगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. पहिली म्हणजे बहिणाबाई चौधरी. १८८० मध्ये त्यांचा जन्म आमच्या या गावात झाला. दुसरी म्हणजे भरताची वांगी. आम्हा शेतकऱ्यांना विचाराल तर आम्ही तिसरी गोष्ट जोडू, ती केळीची. जळगावची केळी आणि जळगावची भरीत वांगी या दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहे ते कर्दळीबद्दल. केळीच्या या गरीब बहिणीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पण तिच्याकडे लक्ष दिलं नाही, तर उद्या केळीलाच त्रास होऊ शकतो. तो कसा, हे सांगतो.

कर्दळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. मोरीचं पाणी जिथे परसात सोडलेलं असतं, तिथे एका बाजूला अळू आणि दुसऱ्या बाजूला कर्दळ, हा आपल्याकडच्या घरांचा जुना थाट. शाळेच्या आवारात, स्टेशनच्या बाहेर, रस्त्याच्या दुभाजकावर, देवळाच्या पायरीशी ती असतेच. लाल, पिवळी, केशरी, गुलाबी, पिवळ्यावर लाल ठिपक्यांची; एकदा लावली की वर्षानुवर्षं फुलते. आपण ती मिळवतो कशी? शेजारणीकडे चांगली दिसली की म्हणतो, ‘वहिनी, एक कंद द्या की.’ वहिनी कुदळ घालतात, कंद काढून देतात. आपण तो आणून लावतो, आणि दोन महिन्यांत फूल दिसतं. सोपं, फुकट आणि खात्रीचं काम! माझं म्हणणं एवढंच आहे, की कंदाऐवजी बी मागा. त्याला थोडे कष्ट आहेत, थोडा धीर लागतो. पण त्यामागचं कारण मोठं आहे.

आधी कर्दळ आणि केळी यांचं नातं समजून घेऊ. केळी, हळद, आलं, सोनटक्का आणि कर्दळ ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकाच मोठ्या गणातली. कुळं वेगवेगळी, पण भाऊबंद. कर्दळीचं पान पाहा. मधे जाड शीर, तिच्यापासून दोन्हीकडे समांतर निघालेल्या बारीक शिरा, आणि नवं पान येतं ते सुरळी होऊन. केळीचंही तेच. केळीचा खरा दांडा जमिनीत असतो, त्याला आपण कंद म्हणतो, कर्दळीचंही तसंच. केळीच्या एका खोडाला एकदाच घड येतो, मग ते खोड आपण कापतो आणि बाजूचं पील वाढवतो. कर्दळीचा एक दांडाही एकदाच फुलतो, आणि त्याच्या बुडाशी नवा कोंब येतो. ज्यानं पीलबाग सांभाळली आहे, त्याला कर्दळीची निगा वेगळी शिकवावी लागत नाही. संस्कृतातला ‘कदली’ हा शब्द केळीचा. आपल्या कर्दळीचं नाव त्याच्याशी किती जुळतं, ते कानालाही कळतं.

असं असूनही ही बाई मूळची आपल्याकडची नव्हे. तिचं माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये तिचं नाव ‘कॅना इंडिका’ असं नोंदवलं. त्यातला ‘इंडिका’ पाहून आपण तिला हिंदुस्थानची समजतो. पण त्या काळी युरोपातले लोक अमेरिकेकडच्या बेटांनाही ‘इंडीज’च म्हणत. रानातली मूळ कर्दळ उंच, बारीक लाल फुलांची. आज बागेत दिसणारी मोठ्या फुलांची कर्दळ ही माणसानं घडवलेली आहे. फ्रान्समध्ये तेओदोर आने या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संकर करायला सुरुवात केली. पुढे लियाँ शहरातल्या क्रोझी यांनी फुलं मोठी आणि झाड ठेंगणं करत नेलं.

त्या देशांत एक अडचण असते. हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून दर वर्षी कंद उपटून घरात ठेवायचे आणि उन्हाळा आला की पुन्हा लावायचे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान कधी दहा अंशांच्या खाली जातं, केळीवर चरका पडतो, कर्दळीची पानंही करपल्यासारखी होतात. पण जमीन काही गोठत नाही. कंद आत सुखरूप असतो आणि फेब्रुवारीत पुन्हा फुटतो. म्हणून आपल्याकडे कर्दळ एका जागी वर्षानुवर्षं राहते. हा आपल्या हवामानाचा मोठा फायदा आहे. पण रोग झाला, तर तोही त्याच जागी वर्षानुवर्षं राहतो.

आता कंदाच्या गोष्टीकडे येतो. कर्दळीच्या पानावर शिरांच्या कडेनं पिवळे पट्टे किंवा ठिपके दिसतात, पान वेडंवाकडं होतं, फुलाच्या रंगात फिकट रेघा येतात, झाड खुजं राहतं. आपण म्हणतो, खत कमी पडलं असेल. खत घालूनही फरक पडत नाही, कारण ही भूक नसून विषाणू असतो. कर्दळीवर येणारे विषाणू अनेक आहेत. त्यातला ‘कॅना यलो मॉटल’ हा जगभर पसरलेला आहे आणि भारतातही त्याची नोंद झालेली आहे. हे दुखणं एकदा झाडात शिरलं की पानापासून कंदापर्यंत सगळीकडे पसरतं. त्यावर औषध नाही. बुरशीला फवारणी असते, किडीला फवारणी असते, विषाणूला नसते. आणि आपण कंदाचा तुकडा दुसऱ्याला देतो, तेव्हा फुलाबरोबर हे दुखणंही देतो. एका वहिनींकडून दुसऱ्या वहिनींकडे, त्यांच्याकडून शाळेत, शाळेतून देवळात, अशी त्याची वाटचाल होते. देणाऱ्याचा यात काही दोष नसतो. पुष्कळदा रोगट कंद वरून अगदी निरोगी दिसतो.

कर्दळीचे स्वतःचे विषाणू तिला त्रास देऊन थांबतात, त्यातून केळीचं फारसं बिघडत नाही. पण एक पाहुणा दोघींचा सामाईक आहे. त्याचं नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजेच सीएमव्ही. हा काकडीवर सापडला म्हणून नाव काकडीचं, पण तो बाराशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर जगतो. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, कितीतरी तण, कर्दळ आणि केळी. केळीवर तो आला की आपले शेतकरी त्याला ‘हरण्या’ म्हणतात. पानावर पिवळे पट्टे येतात, पान आकसतं, पोंगा सडतो, घड नीट पडत नाही. २०२० च्या पावसाळ्यात रावेर, यावल भागात या रोगानं काय केलं, ते केळी उत्पादकांना सांगायला नको. उभी झाडं उपटून बांधाबाहेर टाकण्याची वेळ लोकांवर आली.

हा विषाणू पसरवतो मावा. रोगट पानात मावा क्षणभर सोंड खुपसतो आणि पुढच्या काही मिनिटांत शेजारच्या निरोगी झाडाला रोग देऊन मोकळा होतो. फवारणीनं तो मरायच्या आत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून केळीचे जाणकार एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात : रोगाला आसरा देणारी झाडं बागेजवळ ठेवू नका, काकडीवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो केळीत घेऊ नका, बांधावरचं तण काढा. आपण तण काढतो, आणि विहिरीच्या थारोळ्याशी कुणाकडून तरी आणलेली पिवळ्या पट्ट्यांची कर्दळ मात्र शोभेची म्हणून राखतो. हरण्या कर्दळीमुळेच येतो, असं माझं म्हणणं नाही. तसं म्हणणं चूक ठरेल, कारण त्याला आसरा देणारी शेकडो झाडं आहेत. पण ज्या गावाचं पोट केळीवर आहे, तिथे आणखी एक आसरा आपण आपल्या हातानं का लावावा?

इथे बी कामाला येतं. कंदातून विषाणू पुढच्या झाडात उतरतोच उतरतो. बियांपासून आलेली रोपं मात्र साधारणपणे स्वच्छ निघतात. पुढे मावा येऊन रोग देऊ शकतो, ती शक्यता राहतेच. पण सुरुवात तरी निरोगी होते. केळीत आपण हाच धडा शिकलो. पूर्वी कुणाच्याही बागेतले कंद आणून लावत असू, आता तपासलेली ऊतिसंवर्धित रोपं घेतो. ऊतिसंवर्धनाला प्रयोगशाळा लागते. कर्दळीच्या बियाला लागते फक्त एक कानस.

कानस कशाला, असं तुम्ही विचाराल. कर्दळीचं बी हातात घेऊन पाहा. वाटाण्याएवढं, काळंभोर, गोल आणि दगडासारखं टणक. इंग्रजीत या झाडाला ‘इंडियन शॉट’ म्हणतात, म्हणजे बंदुकीचा छर्रा. झिम्बाब्वेमध्ये भोपळ्यात हे बी भरून ‘होशो’ नावाचं खुळखुळ्यासारखं वाद्य करतात. या बियाचं कवच इतकं घट्ट असतं, की पाणी आत जाऊ शकत नाही. पाणी नाही, तर कोंब नाही. बी नुसतं मातीत टाकलं, तर ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. पण आपल्याला वाटतं की बी पोचट निघालं.

ते किती काळ झोपू शकतं याचं एक उदाहरण आहे. अर्जेंटिनात एका जुन्या थडग्यात अक्रोडाच्या कवचांची माळ सापडली. कवचं खुळखुळावीत म्हणून त्यात कर्दळीचं बी घातलेलं होतं. अक्रोड कोवळा असतानाच बी आत सरकवलेलं आणि मग कवच त्याच्याभोवती वाढून बंद झालेलं, असं शास्त्रज्ञांना दिसलं. म्हणजे बियाचं वय कवचाएवढं तरी असणारच. कार्बनच्या पद्धतीनं कवचाचं वय मोजलं तेव्हा ते सुमारे ६०० वर्षं भरलं. आणि त्यातलं बी रुजलं! १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ही हकिकत छापून आली. आपल्याकडे पिशवीत चार-पाच वर्षं पडून राहिलेलं कर्दळीचं बी फेकून देऊ नका, एवढा अर्थ त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं ते सांगतो. बी गोळा करायचं ते पावसाळ्यानंतर. फूल गळलं की तिथे काटेरी दिसणारं, पण हाताला न टोचणारं हिरवं बोंड धरतं. कपाशीच्या बोंडासारखेच त्याला कप्पे असतात, तीन. बोंड वाळून तपकिरी, कागदासारखं झालं आणि उकलू लागलं की आतलं काळं बी काढून घ्यायचं. पांढरं किंवा तांबूस असेल तर ते अजून पिकलेलं नाही. ज्या झाडाच्या पानांवर पिवळे पट्टे आहेत, त्याचं बी घेऊ नका. स्वच्छ शंका-संशयाबाहेरची आई निवडा.

काही मोठ्या फुलांच्या कर्दळींना बोंडच धरत नाही. त्याचंही कारण केळीसारखंच आहे. आपण खातो त्या बसराई किंवा ग्रँड नैन केळीत बी का नसतं? तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात. एकूण ३३ गुणसूत्रं. तिनाचे सारखे दोन वाटे होत नाहीत, म्हणून बी तयार होत नाही. साध्या कर्दळीत १८ गुणसूत्रं असतात, ती सहज बी धरते. काही संकरित जातींत २७ असतात, त्या वांझ राहतात. अशा जाती कंदानंच वाढवाव्या लागतात. त्या हव्याच असतील, तर झाड डोळ्यांनी नीट पाहून, नवी पानं निरखून मगच कंद घ्या.

बी मिळालं की पेरायच्या दिवशी ते पकडीत धरा आणि कानशीवर किंवा जाड पॉलिश पेपरवर एका बाजूनं घासा. काळं कवच जाऊन आतला पांढरा भाग टिकलीएवढा दिसला की थांबा. बियावर जिथे ते बोंडाला चिकटलेलं होतं तो बारीक ठिपका असतो. तिथून कोंब निघतो, म्हणून ती बाजू सोडून घासायचं. मग बी कोमट पाण्यात एक दिवस-रात्र भिजत ठेवा. नीट घासलेलं बी दुसऱ्या दिवशी फुगलेलं दिसतं. जे फुगलं नाही, ते पुन्हा घासा आणि पुन्हा भिजवा. एकदा घासलेलं बी साठवून ठेवायचं नाही. त्याची झोप मोडलेली असते, ते लगेच पेरलंच पाहिजे.

पेरणीसाठी पिशवी किंवा कुंडी चालते. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू असं मिश्रण भरा. आपली काळी माती एकटी वापरली तर ती पाणी धरून ठेवते आणि कोवळं मूळ कुजतं. बी साधारण अर्धा इंच खोल दाबा, झारीनं पाणी द्या, ओल टिकवा पण चिखल करू नका. दिवसाचं तापमान पंचवीस-तीस अंशांच्या आसपास असेल तर एक-दोन आठवड्यांत सुईसारखा कोंब वर येतो आणि त्याची सुरळी उलगडते. अगदी छोट्या केळीचं पील वाटावं असं ते दृश्य असतं. मी ते दर वर्षी पाहतो आणि तरी दर वर्षी मुलांना हाका मारून दाखवतो.

आमच्या खानदेशात पेरणीच्या दोन वेळा चांगल्या. एक, फेब्रुवारीचा उत्तरार्ध. रात्रीची थंडी ओसरलेली असते आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जायच्या आत रोपं दोन महिन्यांची होऊन तग धरतात. तरी त्या महिन्यात दुपारची सावली आणि रोजचं पाणी हवंच. दुसरी वेळ मृगाची. पाऊस सुरू झाला की काम सोपं होतं, फक्त पिशव्यांत पाणी साचू द्यायचं नाही. ऐन थंडीत आणि ऐन मेमध्ये पेरू नये. रोपाला तीन-चार पानं आली की दीड ते दोन फूट अंतरावर जमिनीत लावा. जागा उन्हाची निवडा. सावलीत पानं होतात, फुलं होत नाहीत. पेरल्यापासून साधारण तीन-चार महिन्यांत पहिलं फूल दिसतं. कंदापेक्षा दोन महिने उशीर, एवढाच काय तो फरक.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर मला दोष द्याल. बागेतल्या कर्दळी संकरित असतात. त्यांच्या बियांपासून आलेलं झाड आईसारखंच असेल असं नाही. लाल फुलाच्या बियातून पिवळं निघेल, ठेंगणीच्या बियातून उंच निघेल. साध्या बारीक फुलांच्या लाल कर्दळीत हा घोटाळा सहसा होत नाही. ज्यांना ठरावीक रंग हवा त्यांच्यासाठी बियांपासून सारखीच निघणारी वाणंही तयार झाली आहेत. ‘ट्रॉपिकल रोझ’ या वाणाला १९९२ मध्ये आणि ‘साउथ पॅसिफिक स्कार्लेट’ला २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या संस्थेनं गौरवलं. पण मला विचाराल तर घरच्या बियातून काय रंग निघतो याची वाट पाहण्यात वेगळी मजा आहे. चांगलं निघालं ते ठेवा, बाकीचं काढून टाका. आने आणि क्रोझी यांनी तरी दुसरं काय केलं?

निगा फार नाही. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापा, म्हणजे नव्या कोंबाला जागा मिळते. बी हवं असेल तर एक-दोन दांडे राखा. एका झुडपाचा दांडा कापून दुसऱ्याकडे जाण्याआधी विळा साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या, कारण पात्यावरच्या रसातून रोग पुढे जाऊ शकतो. पान गुंडाळणारी अळी दिसली तर हातानं पान उलगडून ती काढून टाका. दोन-तीन वर्षांनी गड्डा दाटला की विरळणी करा. आणि नव्या पानावर पिवळे पट्टे दिसले, तर वाट पाहू नका. झाड कंदासकट उपटा आणि जाळून टाका. उकिरड्यावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकलात तर कंद तिथे पुन्हा फुटतो. फुललेलं झाड उपटायला जीव होत नाही, हे मला कळतं. पण शेजारच्या शेतात कुणाची तरी वर्षाची कमाई उभी असते.

शेवटी एक विनंती. ही वाट एकट्या-दुकट्यानं धरून भागायचं नाही, गावानं धरली तर उपयोग. शाळेतल्या मुलांना हे काम फार आवडेल. बोंडं गोळा करायची, बी घासायचं, कुणाचा कोंब आधी येतो ते पाहायचं. यात झाडाचं शास्त्रही आलं. हळदीकुंकवाला वाण म्हणून कर्दळीच्या बियांची पुडी द्या. तो सण थंडीत येतो आणि पेरणीची वेळ पुढे महिन्याभरात असते, त्यामुळे पुडी पडूनही राहणार नाही. पुडीवर ‘घासून, भिजवून पेरा’ एवढे तीन शब्द तेवढे आठवणीनं लिहा.